विद्यापीठासमोरचा ओतोवा

आमच्या स्टेशनाचं नाव 'हिनोसे विद्यापीठासमोर'. त्यातलं हिनोसे खरं, विद्यापीठ खरं, 'समोर' मात्र साफ थाप आहे. गेटबाहेर आलात की समोर औषधांचं दुकान, त्याला चिकटून पाचिन्कोचा जुगारखाना, आणि त्या दोघांच्या डोक्यावरून दिसते ती टेकडी. विद्यापीठ त्या टेकडीवर. बसने बारा मिनिटं, पायी पस्तीस. रेल्वे कंपनीने स्टेशन आधी बांधून टाकलं, पाटीही लावली, कारण विद्यापीठ खाली सपाटीवर येणार असं ठरलं होतं. मग विद्यापीठातल्या शहाण्यांना टेकडी स्वस्तात मिळाली आणि ते वर गेले. पाटी तशीच राहिली. पाटी बदलायला खर्च येतो, मुलांचे पाय फुकट असतात.

मी मोमोसे हात्सुए. गेटच्या आत, पहिल्या फलाटाच्या तोंडाशी उभ्याउभ्या सोबा, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, खायची टपरी आहे, ती माझी. आधी सासूची होती. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मी लग्न होऊन आले ती थेट उकळत्या पातेल्यापुढेच उभी राहिले. माझ्यापासून आठ पावलांवर, लाकडी कठड्याच्या खोबणीत, ओतोवा इवाओ उभा असायचा. हातात तिकिटाला खाच पाडायचा चिमटा. गाडी नसली तरी तो चिमटा टकटक टकटक वाजवत राहायचा. पहिले सहा महिने त्या आवाजाने माझं डोकं उठायचं. नंतर तो सुट्टीवर असला की शेवया जास्त शिजायला लागल्या.

नवीन आलेलं माणूस गेटबाहेर जाऊन दोन्हीकडे बघून परत यायचंच.

"अहो, विद्यापीठ कुठे आहे?"

"समोर," ओतोवा म्हणायचा.

"समोर तर दिसत नाही."

"समोरच आहे. मध्ये फक्त डोंगर आहे."

असं बोलायचा हक्क त्याने कमावला होता. एकोणीसशे एकोणसत्तर साली, अठरा वर्षांचा असताना, तो स्वतः उत्तरेच्या बर्फाळ यामागाताहून रात्रभर गाडीत बसून आला होता आणि याच गेटवर त्याने हाच प्रश्न विचारला होता. स्थापत्याला प्रवेश हवा होता. पहिल्या वर्षी नापास. दुसऱ्या वर्षी नापास. तिसऱ्या वर्षी निकालाचा फलक बघून खाली आला आणि फलाटावरच्या बाकावर बसून रडला. हे मला सासूने सांगितलं. ती म्हणायची, "तीन वर्षं तोच बाक, तोच कोट, तेच रडणं. शेवटी स्टेशनमास्तरलाच लाज वाटायला लागली." त्या वेळचा स्टेशनमास्तर भला माणूस होता. तो बाहेर येऊन म्हणाला, "पोरा, या स्टेशनात आमच्या निम्म्या नोकरांपेक्षा तुझ्या फेऱ्या जास्त झाल्यात. आता पगार घेऊनच ये." त्याने कंपनीकडे शब्द टाकला. ओतोवाने बापाला पत्र लिहिलं की आपल्याला हिनोसे विद्यापीठात जागा मिळाली, आणि 'समोर' हा शब्द पुढच्या ओळीत लिहिला. बापाने गावभर सणासुदीचा लाल भात वाटला. खरं कळलं तेव्हा तो पाच वर्षं पोराशी बोलला नाही.

ओतोवा कामात चोख होता आणि तोंडाने वाह्यात. पास दाखवून जाणाऱ्या दोन-अडीच हजार पोरांचे चेहरे त्याला पाठ होते. कोण सकाळच्या तासाला जातो, कोण गेटबाहेर पडून पाचिन्कोत शिरतो, कुणाचं कुणाशी जमलंय आणि कुणाचं फिसकटलंय, सगळं त्याला ठाऊक. एखादं पोरगं दुपारी एकला डोळे चोळत उतरलं की हा म्हणायचा, "सुप्रभात. सकाळ कुठल्या देशातली?" तत्त्वज्ञानाचे एक म्हातारे प्राध्यापक होते. त्यांचा पास नेहमी संपलेला असायचा. ओतोवाने एकदा हात आडवा घातला.

"सर, हा पास मंगळवारी संपला."

"मंगळवार म्हणजे काय, ओतोवा-सान? काळाचे तुकडे आपणच पाडतो."

"पाडतो ना. कंपनी महिन्यामहिन्याचे पाडते. तिकडे खिडकीवर मिळतात."

प्राध्यापक हसत खिडकीकडे गेले. ओतोवाने त्यांच्यासाठी तीन मिनिटं गाडी थांबवून धरली होती हे त्यांना कधी कळलं नाही.

निकालाच्या दिवशी मात्र त्याचा वाह्यातपणा बंद. सकाळपासून तो दाढी करून, टोपी नीट बसवून उभा राहायचा. पास झालेली मुलं आरडाओरडा करत उतरायची, त्यांच्याकडे तो बघायचाही नाही. नापास झालेलं पोर गेटशी आलं की त्याचं तिकीट हातात धरून ठेवायचा.

"मीही इथेच नापास झालो," तो सांगायचा. "तिसऱ्या वर्षी. भूमितीचा शेवटचा प्रश्न. सहाचा शून्य वाचला. एका शून्याने गेलो. आणि बघ, जिवंत आहे, दोन वेळ जेवतो. घरी जा, आईशी बोल, झोप काढ." मग तिकिटाला खाच पाडून सोडायचा. मी हे भाषण दहा वर्षं ऐकलं. सहाचा शून्य मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त पाठ होता.

आता चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीची गोष्ट सांगते.

प्रवेश परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बर्फ सुरू झालं ते थांबेचना. सकाळी गुडघ्याएवढा थर. आमच्याकडे एवढं बर्फ म्हणजे लोकांना चालताच येत नाही, सगळे बदकासारखे दोन्ही हात पसरून उभे. गाड्या रखडत येत होत्या आणि प्रत्येक गाडी परीक्षेची पोरं ओतून जात होती. साडेआठपर्यंत स्टेशनात उभं राहायला जागा नव्हती. बसवाल्याने पाटी लावली: सेवा बंद. पेपर साडेनऊला. त्या पोरांत कुणी दक्षिणेकडून, कागोशिमाकडून आलेलं, जन्मात बर्फ न पाहिलेलं. एक मुलगी खांबाला धरून नुसती हातावरचं घड्याळ बघत होती.

तेव्हाचा स्टेशनमास्तर कुजिराई म्हणून होता. गलेलठ्ठ माणूस, फोनशी लग्न लागल्यासारखा. तो मुख्यालयाला फोन लावून बसला होता.

"काय म्हणतात?" ओतोवाने विचारलं.

"सूचनेची वाट बघा म्हणतात."

"कुणाच्या?"

"वरच्यांच्या. आणि कुणीही जागा सोडायची नाही असंही म्हणतात."

ओतोवाने चिमटा खुंटीला अडकवला. "मला शौचाला जायचंय. परवानगी असावी."

"जा, पण लवकर ये."

तो शौचाला गेला नाही. तांदळाच्या दुकानात गेला आणि भाताच्या काड्यांच्या दोरखंडाची तीन मोठी वेटोळी खांद्यावर टाकून आला. माझी मोठी सुरी मागितली. "वहिनी, हातभर लांबीचे तुकडे पाडा. प्रत्येक बुटाला एक." मग बाकावर चढून त्याने पोरांना ओरडून सांगितलं की बुटाच्या मध्यावर दोन वेढे आणि वर घट्ट गाठ, आमच्या गावात शाळेत असेच जातात, घसरणार नाही. सासू, मी, औषधांच्या दुकानातली बाई, पाचिन्कोचा मालकसुद्धा, सगळे खाली बसून अनोळखी पोरांच्या बुटांना दोर बांधत होतो. पाचिन्कोचा मालक म्हणाला, "पास झालात तर माझ्याकडे या." मी त्याला सुरी दाखवली.

"रस्त्याने गेलो तर दीड तास," ओतोवा मला म्हणाला. "देवळामागून जाऊ. तुम्ही शेवटी चाला, पडलेली उचलत या." पातेलं सासूच्या हवाली करून मी निघाले. कुजिराई फोन कानाला धरूनच खिडकीतून बघत राहिला.

देवळामागचा रस्ता म्हणजे रस्ता नव्हेच. स्मशानातून, थडग्यांच्या ओळींमधून वर जायचं, मग बांबूचं बन, मग दगडी पायऱ्या. बर्फाच्या ओझ्याने बांबू वाकून जमिनीला टेकले होते. ओतोवा पुढे फावड्याने वाट काढत होता, मागे पोरांची रांग. भटजी अंगणातलं बर्फ ओढत होता. एवढी गर्दी आपल्या स्मशानात बघून तो धावत आला.

"अहो, हे काय चाललंय? इथे लोक विश्रांती घेतायत."

"घेऊ देत ना," ओतोवा फावडं न थांबवता म्हणाला. "त्यांना आज कुठे जायचंय? आम्हाला जायचंय."

भटजी जरा वेळाने स्वतःचं फावडं घेऊन पायऱ्यांशी आला. मी तोवर नऊ जणांना उचललं होतं. एका मुलाने विचारलं, "मावशी, मंगोल आक्रमणं कुठल्या साली झाली?" मी म्हटलं, "आज असती तर उद्यापर्यंत पोचली नसती. चाल."

आम्ही वर पोचलो तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती. नियम असा की वीस मिनिटांपेक्षा जास्त उशीर झालेल्याला आत घेत नाहीत. फाटकात हाताला पट्टा बांधलेली एक बाई उभी होती. परीक्षा विभागातली कारकून, सावारागी मिचियो. बत्तीसएक वर्षांची, सडसडीत, हातात कर्णा, आवाज बसलेला. सगळ्यात पुढे ओतोवा होता, भुवयांवर बर्फ, खांद्यावर फावडं.

"प्रवेशपत्र दाखवा," ती म्हणाली.

"यंदा नाही," ओतोवा म्हणाला. "यंदा नुसता सोबत आलोय."

"मग बाजूला व्हा. आणि या सगळ्यांना उशीर झालाय. साडेनऊ अधिक वीस मिनिटं. नियम आहे."

"पेपर वाटले?"

तिने मागे इमारतीकडे पाहिलं.

"प्राध्यापक पोचले का?"

"अर्धे," ती म्हणाली.

"बाकीचे अर्धे नापास का?"

मिचियोने त्याच्याकडे पाहिलं. ओतोवाचा आवाज चढला नव्हता. तो म्हणाला, "बाई, खाली स्टेशनावर पाटी आहे, विद्यापीठासमोर. पन्नास वर्षं आहे. ही मुलं साडेआठपासून तुमच्या समोर उभी आहेत. उशीर झाला असं म्हणायचं असेल तर आधी पाटी काढा."

तिने मागे रांगेकडे पाहिलं, पोरांच्या पायांकडे, त्या दोरांकडे. "किती जण?"

"तीनशे अकरा. खाली मोजून घेतले."

ती आत गेली. दहा मिनिटांनी परत आली आणि कर्ण्यातून घोगऱ्या आवाजात म्हणाली की पेपर पावणेअकराला सुरू होईल, सगळ्यांनी आत या, बूट झटका. आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं. समितीतले तिघे गुरुजी शेगडीभोवती बसून नियम आणि न्याय यावर बोलत होते. ती म्हणाली, "मग तुमच्यातल्या कुणीतरी बाहेर येऊन मुलांना सांगा. माझा घसा बसलाय." बाहेर बर्फ होतं. कुणी उठलं नाही. वेळ पुढे ढकलली गेली.

आम्ही उतरून आलो तेव्हा कुजिराई अजून फोनवरच होता. सूचना यायची होती.

आठवड्याने एकाच टपालात दोन पाकिटं आली. एक विद्यापीठाचं, जाड कागदावर, स्टेशनातील कर्मचाऱ्यांचे हार्दिक आभार. दुसरं मुख्यालयाचं: कर्मचारी ओतोवा इवाओ याने परवानगीशिवाय जागा सोडल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. पहिलं कुजिराईने चौकट करून स्वतःच्या खुर्चीमागे लावलं. दुसरं ओतोवाला दिलं. ओतोवाने माझ्या टपरीवर उभं राहून खुलासा लिहिला: 'परवानगी घेऊन शौचास गेलो होतो. परत येण्यास दोन तास वीस मिनिटे लागली. बर्फ होते.' कुजिराईने तो परत पाठवला. पश्चात्ताप दिसत नाही म्हणाला. ओतोवाने खाली लिहिलं, 'पश्चात्ताप होत आहे.' पुन्हा परत. कशाचा ते लिहा. 'इतका वेळ लागल्याचा.' तोही परत. चौथ्यांदा कुजिराई थकला आणि तसाच पाठवून दिला.

ओतोवा म्हणाला, "वहिनी, विद्यापीठाने तीनदाच नापास केलं. कंपनी चारदा तपासते."

त्यानंतर सावारागी मिचियो स्टेशनात दिसायला लागली. आधीही रोज याच स्टेशनातून जात असणार, पण दिसली नव्हती. आता ती संध्याकाळी गाडी सोडून देऊन माझ्याकडे भजी घातलेली सोबा खायची. सावकाश. सोबा उभ्याने खायची म्हणजे चार मिनिटांचं काम, बाई वीस मिनिटं लावायची आणि पाठ भिंतीकडे, तोंड गेटकडे. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "शेवया कडक आहेत का?"

"नाही, चांगल्या आहेत."

"मग बोलून घ्या एकदा. त्याची सुट्टी सातला होते. माझी भजी वाया जातायत."

पुढच्या वसंतात त्यांनी लग्न केलं. यामागाताहून म्हातारा बाप आला, सुनेकडे बघून म्हणाला, "चला, घरातलं कुणीतरी विद्यापीठात पोचलं." लग्नाच्या संध्याकाळीच मिचियोने नवऱ्याला एक गोष्ट सांगून टाकली. लग्नाला होकार देण्याआधी तिने जुन्या नोंदवहीत त्याचे तिन्ही वर्षांचे गुण बघितले होते. नियमात बसत नव्हतं, पण तिने बघितले.

"किती होते?" ओतोवाने ताबडतोब विचारलं.

"ते सांगणं नियमात बसत नाही."

"बघणं बसलं?"

"तेही बसत नाही. दोन चुका कशाला करू?"

आणि ती बाई पंचवीस वर्षं एक अक्षर बोलली नाही. ओतोवाने साकेचे दोन पेले रिचवून विचारलं, आजारी पडून विचारलं, तिच्या वाढदिवसाला विचारलं. माझ्याकडे येऊन गळ घातली, "वहिनी, तुम्ही काढा तिच्याकडून. एकाच गुणाने गेलो ना मी? एक की दोन?" मी मिचियोला विचारलं. ती म्हणाली, "भजी छान झालीत आज." त्यांना मूलबाळ झालं नाही. एक मांजर होती, तिचं नाव ओतोवाने शून्य ठेवलं होतं.

त्र्याण्णव साली यांत्रिक गेटं आली. ओतोवाचा चिमटा कंपनीने परत घेतला आणि त्याला काचेच्या खोलीत बसवलं. पहिल्या दिवशी तो खूप वेळ यंत्रांकडे बघत होता. "हे हुशार आहे," मला म्हणाला. "पास संपला की लगेच ओळखतं. पोरगं रडत आलंय ते ओळखत नाही." बाकी तक्रार केली नाही. पुढे निकाल फोनवर यायला लागले आणि रडायलासुद्धा कुणी टेकडीवर जाईना. निकालाच्या दिवशी तो दाढी करून काचेमागे बसायचा आणि कुणी यायचं नाही.

दोन हजार दहा साली, साठीला, तो निवृत्त झाला. निरोपसमारंभाला कंपनीने घड्याळ दिलं. आयुष्यभर दर दोन मिनिटांनी स्टेशनाचं घड्याळ बघितलेल्या माणसाला. आठवड्यानेच तो माझ्या टपरीवर आला, बगलेत तीन जाडजूड पुस्तकं. प्रवेश परीक्षेची.

"हे काय?"

"परीक्षा देतोय. फेब्रुवारीत. वयाची अट नाही, मी विचारून घेतलं."

"मिचियोला माहीत आहे?"

"कळेल."

तो रोज दुपारी यायचा. गर्दी ओसरलेली असते तेव्हा. फळीच्या कोपऱ्यात पुस्तक टेकवून, चष्मा नाकावर, त्रिकोणमिती. रश्श्याचे डाग पानांवर. जून, जुलै गेले. माणूस वाळायला लागला. रात्री दोनपर्यंत जागतो असं कळलं. मी म्हटलं, "अहो, या वयात लोक फुलझाडं लावतात." तो म्हणाला, "एका शून्याचं अंतर आहे, वहिनी. तेवढं तर चालू शकतो."

ऑगस्टमध्ये एका दुपारी मिचियो आली. छत्री मिटली, त्याच्या शेजारी उभी राहिली आणि पुस्तक बंद केलं. मी भांडी घासत होते. कान मोकळेच होते.

"ऐका," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी एकशे ब्याऐंशी. दुसऱ्या वर्षी दोनशे चार. तिसऱ्या वर्षी एकशे एकोणसाठ."

ओतोवाला समजायला वेळ लागला. "कितीपैकी?"

"सहाशेपैकी. प्रवेश तीनशे ऐंशीच्या आसपास बंद व्हायचा."

नळ चालू होता, मी तो बंद केला.

"आणि तो शून्य?"

"तो प्रश्न दहा गुणांचा होता. दिले तरी एकशे एकोणसत्तर."

"तिसऱ्या वर्षी कमी कसे झाले?"

"ते तुम्हाला ठाऊक. मी फक्त वही बघितली."

मिचियो लगेच गेली नाही. तिने त्याच्या बाहीवरचा शेवयांचा तुकडा काढला. "आधी का नाही सांगितलंस?" त्याने शेवटी विचारलं.

"तुम्ही गेटवर पोरांना सांगायचात ना ते. एका शून्याचं ऐकून पोरं सरळ घरी जायची. दोनशे वीस गुणांचं ऐकून कोण गेलं असतं? आणि मलाही ते ऐकायला आवडायचं. आता मात्र नाही. तुम्ही रात्ररात्र जागताय. मला नवरा हवाय, विद्यार्थी नको. विद्यार्थी मी आयुष्यभर बघितले."

तो तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी मिचियोला फोन लावला तर ती म्हणाली, "घरीच आहे. मांजराशी बोलतोय." मला धास्ती वाटली. साठीचा माणूस, नोकरी नाही, आणि बायकोने एका दुपारी चाळीस वर्षांचा आधार काढून घेतलेला. रात्री नीट झोप लागली नाही मला.

पाचव्या दिवशी आला. दोन वाट्या सोबा मागितली, दोन्ही स्वतःला. पहिली संपवली आणि अचानक हसायला लागला. इतका हसला की शेजारचं गिऱ्हाईक वाटी घेऊन लांब सरकलं.

"वहिनी, चाळीस वर्षं मी त्या शून्याला शिव्या घातल्या. बिचारा निर्दोष निघाला."

"वाईट वाटलं ना?"

"पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी राग आला. मग काल सकाळी उठलो, खिडकीतून टेकडी दिसली." त्याने वाटी खाली ठेवली. "रोज तिच्याकडे बघून वाटायचं की वर माझी एक खुर्ची आहे आणि तिच्यावर दुसरंच कुणीतरी बसलंय. एकोणीसशे एकाहत्तरपासून. काल वाटलं, अरे, खुर्ची नव्हतीच तिथे. कुणीच माझं काही घेतलं नव्हतं. काय हलकं वाटलं म्हणून सांगू. एकशे एकोणसाठ. वहिनी, नुसतं नाव लिहून झोपलो असतो तरी एवढे मिळाले असते."

पुस्तकं त्याने जुन्या बाजारात देऊन टाकली. मिचियोने पुढच्या एप्रिलला एक अर्ज आणला. बाहेरच्या लोकांना वर्गात बसून ऐकता येतं, परीक्षा नाही, पदवी नाही, कसले गुणही नाहीत. त्याने पुलांच्या बांधणीचा विषय निवडला. पहिल्या दिवशी नवा शर्ट घालून गेला. वीस मिनिटांत झोपला. घोरल्यामुळे पुढच्या बाकावरच्या मुलीने उठवलं. परत येताना टपरीवर थांबला तेव्हा चेहरा पडलेला होता.

"वहिनी, हे ऐकायला मी तीनदा रडलो?"

"एवढं वाईट?"

"माणूस फळ्याशी बोलतो. फळासुद्धा कंटाळलेला दिसत होता. आमच्या गाडीतल्या घोषणा जास्त रंगतदार असतात."

तरी तो जात राहिला. फी भरली होती, आणि मिचियो डबा द्यायची. हळूहळू झोप तिसाव्या मिनिटावर गेली, मग चाळिसाव्या. पावसाळ्याच्या सुमाराला एकदा पूल शिकवणाऱ्या त्या तरुण मास्तरने जुन्या लाकडी पुलांची छायाचित्रं दाखवली आणि म्हणाला की असे पूल पुरात पाण्याच्या जोराने मोडायचे. ओतोवाने हात वर केला.

"पाण्याने नाही. ओंडक्यांनी. वरच्या जंगलातली तोडलेली झाडं वाहत येतात आणि खांबांत अडकतात. मग धरण होतं. मी आठ वर्षांचा होतो, आमच्या गावचा पूल असाच गेला. माझा काका वरून ओंडके ढकलत होता, तोही गेला."

ही काकाची गोष्ट मीसुद्धा सदतीस वर्षांत ऐकली नव्हती. मास्तरने त्याच्या हातात खडू दिला. ओतोवाने फळ्यावर नदी काढली, खांब काढले, ओंडके कसे आडवे बसले ते काढलं. चित्र भयंकर होतं, खांब चिमट्यासारखे दिसत होते असं नंतर त्याला उठवणाऱ्या मुलीने मला सांगितलं. पण तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मास्तरने नंतर येऊन त्याला गावाचं नाव, नदीचं नाव, साल विचारून लिहून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात तो बारा विद्यार्थी आणि ओतोवाला घेऊन यामागाताला जाऊन आला. जुन्या खांबांची दोन बुडं अजून नदीत आहेत, ती त्यांनी मोजली. ओतोवाने काकाच्या थडग्यावर पाणी घातलं आणि पोरांना तिथे उभं राहून तासभर ऐकवलं, पोरांच्या पायाला मुंग्या येईपर्यंत.

आता दोन हजार पंधरा साल चालू आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तो बसने वर जातो, गुडघे गेलेत. पुलांचा विषय त्याने तिसऱ्यांदा घेतलाय. मास्तरने विचारलं, "ओतोवा-सान, तेच तेच ऐकून कंटाळा येत नाही?" तो म्हणाला, "येतो. पण मागच्या वेळेस कुठे झोपलो होतो ते राहून गेलंय." मिचियो चारच्या सुमाराला खाली माझ्याकडे येऊन बसते. माझ्या लेकीने टपरीत दोन स्टुलं आणून ठेवलीत, सासू असती तर फेकून दिली असती. बस आली की तो उतरतो, हातात डबा, आणि रस्ता ओलांडायच्या आधीच त्याचं सुरू होतं की आज मास्तर कुठे चुकला. मिचियो म्हणते, "घरी चला, वाटेत सांगा." तो गेटशी थांबतो, कार्ड लावतो, गेट उघडतं. तो यंत्राला मान तुकवून आत येतो, आणि सोबा मागतो. भज्यांशिवाय. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. मी एक घालतेच.